सिडनी २०००: दुये विरुद्ध शिनोहारा, न मिळालेल्या इप्पोनचे प्रकरण

२२ सप्टेंबर २०००. सिडनीच्या डार्लिंग हार्बर भागातील प्रदर्शन केंद्रात ऑलिंपिक ज्युदोचा शेवटचा दिवस होता आणि पुरुषांच्या +१०० किलो गटाची अंतिम लढत सुरू होती. एका बाजूला फ्रान्सचा डेव्हिड दुये आणि दुसऱ्या बाजूला जपानचा शिनिची शिनोहारा. साधारण दीड मिनिट झाले असताना दुयेने उची-माता, म्हणजे मांड्यांच्या मधून पाय झटकून टाकण्याचा डाव, मारली. शिनोहाराने पाय काढून घेतला, दुयेचा पाय हवेतच फिरला आणि दोघेही मॅटवर आदळले. शिनोहाराने लढत संपली असे समजून हात उंचावले. एका कोपरा पंचानेही त्याच्या बाजूने इप्पोन, म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण, दाखवला. मधल्या पंचाने मात्र युको हा छोटा गुण दिला, आणि तोही दुयेला.

ज्युदोच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंची चर्चा निघाली की दुयेचे नाव येतेच आणि त्यापाठोपाठ ही लढतही येते. तिच्याकडे बहुतेक वेळा अन्यायाची गोष्ट म्हणून पाहिले जाते. आमच्या मते तिचे खरे मोल वेगळे आहे. एक अवघड प्रतिडाव, तो पाहणारे तीन डोळे, आणि चूक झाली तर मागे वळून पाहायला वाव नसलेली नियमावली, असे तिन्ही घटक या एका प्रसंगात उघडे पडतात. पंच प्रामाणिक होते हे धरूनच पुढचे सारे वाचावे. चूक समजायला तेवढे पुरते.

दोघे कोण होते

दुयेचा जन्म १९६९ चा, रुआंचा. उंची १.९६ मीटर. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये कांस्य आणि १९९६ च्या अटलांटात सुवर्ण. जागतिक विजेतेपदे चार: १९९३ मध्ये हॅमिल्टन, १९९५ मध्ये चिबा येथे +९५ किलो आणि खुला गट अशी दोन, आणि १९९७ मध्ये पॅरिस. पॅरिसच्या अंतिम फेरीत त्याच्यासमोर शिनोहाराच होता. त्यानंतर दुखापतींनी दुयेला बराच काळ मॅटपासून दूर ठेवले, आणि सिडनीत तो जवळपास पुनरागमन करणारा खेळाडू म्हणूनच उतरला.

शिनोहारा १९७३ चा, कोबेचा, तेनरी विद्यापीठाच्या तालमीत घडलेला. उंची १.९० मीटर. १९९९ च्या बर्मिंगहॅम जागतिक स्पर्धेत त्याने +१०० किलो आणि खुला गट ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली होती आणि १९९८ ते २००० अशी सलग तीन वर्षे तो अखिल जपान विजेता होता. अखिल जपान स्पर्धेत वजनगट नसतात, त्यामुळे तिथे सलग तीनदा जिंकणे म्हणजे देशातल्या प्रत्येक शैलीला उत्तर देणे. सिडनीत त्या गटाचा पहिला दावेदार तोच होता. आदल्याच दिवशी याच ठिकाणी कोसेई इनोउएने −१०० किलोची अंतिम लढत उची-मातेवर जिंकली होती. ज्या डावाने जपानला एक सुवर्ण मिळाले, त्याच डावाच्या प्रतिडावावर दुसरे अडले.

डाव आणि प्रतिडाव

उची-माता मारणारा प्रतिस्पर्ध्याची बाही आणि कॉलर वर व पुढे ओढून त्याला पंजांवर आणतो. मग वळून कंबर आत घालतो, एका पायावर उभा राहतो आणि दुसरा पाय समोरच्याच्या दोन मांड्यांच्या मधून मागे-वर झटकतो. त्या क्षणी त्याचे डोके खाली, पाठ समोरच्याकडे आणि सगळा भार एका पायावर असतो. समोरच्याची मांडी पायावर सापडली तर तो उडतो. सापडली नाही तर स्वतःचा झोत थांबवायला मारणाऱ्याकडे काहीच उरत नाही.

उची-माता-सुकाशी, म्हणजे पाय काढून घेऊन केलेला प्रतिडाव, नेमकी याच फटीत बसते. ज्युदोची मूळ संस्था असलेल्या कोदोकानच्या वर्गीकरणात ती ते-वाझात, म्हणजे हाताच्या डावांत मोडते. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण पाहणाऱ्याला फक्त पाय दिसतो. पाय काढून घेणे हा निम्माच डाव. उरलेले निम्मे काम हात करतात: झोतात आलेल्या माणसाला त्याच दिशेने आणखी वळवून त्याची पाठ मॅटकडे आणायची. हात ढिले राहिले तर मारणारा पोटावर पडतो आणि गुण कोणालाच मिळत नाही.

वेळेची खिडक फार अरुंद आहे. समोरच्याचा झटकणारा पाय जमिनीवरून सुटला, पण अजून मांडीला लागला नाही, एवढाच अवकाश. आधी हललात तर तो डाव बदलून को-उची किंवा ओ-उची हे आतून पाय उडवण्याचे डाव घालतो. उशीर झाला तर तुमची मांडी त्याच्या पायावर बसलेलीच असते, आणि मग एका पायावर उड्या मारत तो डाव पूर्ण करतो. १०० किलोच्या वरच्या खेळाडूंत ही सुकाशी क्वचितच स्वच्छ बसते, कारण एवढे वजन मांडीतून चटकन काढता येत नाही. शिनोहाराने ती ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, चार वेळच्या जगज्जेत्याविरुद्ध, अचूक वेळेवर काढली. डाव म्हणून पाहिले तर त्या दशकातल्या सर्वोत्तम क्षणांपैकी तो एक आहे.

डोळा कुठे फसला

चित्रफीत संथ करून पाहिली की क्रम कळतो. दुये वळतो, पाय जातो, मांडी तिथे नसते. तो पुढे कोसळू लागतो आणि शिनोहाराचे हात त्याला फिरवतात. दुयेची पाठ टेकते. शिनोहारा तोल सांभाळून उभा राहू शकत नाही आणि त्याच ओघात स्वतःही खाली येतो.

पूर्ण वेगात मात्र वेगळेच दिसते. हल्ला दुयेने सुरू केलेला असतो, पाय त्याचाच वर गेलेला असतो, आणि शेवटी दोघेही जमिनीवर असतात. पंचाचे मन अशा वेळी सुरुवातीला ज्याने डाव मारला त्यालाच कर्ता समजून शेवट वाचते. शिनोहारा कुशीवर आला, म्हणजे दुयेची उची-माता अर्धवट बसली, म्हणजे युको. तर्काची साखळी सरळ आहे आणि तिची पहिली कडीच चुकीची आहे. पडताना ताबा कोणाचा होता, हा प्रश्न तिच्यात विचारलाच जात नाही.

तेव्हाच्या नियमांत इप्पोनसाठी प्रतिस्पर्ध्याला ताब्यात ठेवून, बऱ्यापैकी पाठीवर, जोर आणि वेग यांसह टाकावे लागे. यातली एक गोष्ट कमी पडली तर वाझा-आरी, दोन कमी पडल्या किंवा तो कुशीवर पडला तर युको, आणि त्याखाली कोका. कुस्तीत चीतपट झाली की निकाल लागतो तसाच इप्पोन लढत तिथेच संपवतो. फरक असा की ज्युदोत पाठ कशी टेकली याइतकेच ती कोणी टेकवली यालाही महत्त्व आहे. सिडनीत वाद पडण्याच्या दर्जाचा नव्हता. कर्ता कोण हे ओळखण्याचा होता. म्हणूनच ही चूक नेहमीच्या ‘युको की वाझा-आरी’ छापाची नाही. शिनोहाराच्या बाजूने लढत संपायला हवी होती, ती उलट दुयेच्या बाजूने एका युकोने झुकली.

तीन पंचांचे गणित

त्या काळी मॅटवर एक मुख्य पंच उभा असे आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत खुर्चीवर दोन कोपरा पंच असत. मुख्य पंच गुण जाहीर करी. कोपरा पंचाचे मत वेगळे असेल तर तो हाताने खूण करी, आणि तिघांतील बहुमत अंतिम ठरे. सिडनीत मुख्य पंच न्यूझीलंडचे क्रेग मोनॅगन होते. एका कोपऱ्यातून शिनोहाराला इप्पोन आला, दुसऱ्या कोपऱ्याने दुयेच्या युकोला साथ दिली. दोन विरुद्ध एक. युको फलकावर चढला आणि घड्याळ चालू राहिले.

बहुमताची ही पद्धत गुणाच्या दर्जाबाबत ठीक चालते. एकाला युको वाटला, दुसऱ्याला वाझा-आरी, तिसऱ्याला कोका, तर मधला पर्याय सहसा सत्याजवळ असतो. पण दोन मते एकमेकांच्या थेट विरुद्ध असतील तर मधले काही नसते. एक पंच म्हणतो हा जिंकला, दुसरा म्हणतो त्यालाच टाकले गेले. याचा अर्थ दोघांपैकी एकाला घटना दिसलीच नाही. अशा वेळी मते मोजून काही साधत नाही, पुन्हा पाहावे लागते. तिघांना एकत्र बोलावून कोणाला काय दिसले हे विचारण्याची मुभा पंचांना होती, पण पुन्हा पाहण्यासाठी चित्रफितीचा आधार नियमात नव्हता. आमच्या दृष्टीने प्रकरणाचे मूळ इथे आहे. तीन माणसांपैकी एकाने बरोबर पाहिले होते, आणि व्यवस्थेकडे त्याचे ऐकण्याचा मार्ग नव्हता.

उरलेली साडेतीन मिनिटे

वादाच्या गदारोळात हा भाग नेहमी सुटतो. लढत पाच मिनिटांची होती. चुकीचा युको लागल्यानंतरही शिनोहाराकडे बराच वेळ होता, आणि तो मागे पडला तरी हरलेला नव्हता.

पुढे दुयेला चुई हा दंड झाला. तेव्हाच्या पद्धतीत दंडाचे गुण थेट प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जात: शिदो म्हणजे कोका, चुई म्हणजे युको, केईकोकू म्हणजे वाझा-आरी. त्यामुळे फलक बरोबरीत आला. मग शेवटच्या मिनिटात शिनोहाराने उची-माता मारली, दुयेने ती परतवली आणि युको मिळवला. हा गुण खरा होता. लढत त्यावरच संपली.

शिनोहाराने शेवटी हल्ला का केला? बरोबरीत वेळ संपली असती तर निकाल हांतेईवर, म्हणजे पंचांच्या झेंड्यांवर गेला असता. गोल्डन स्कोअर ही वाढीव वेळ २००३ मध्ये आली, सिडनीत ती नव्हती. ज्या तिघांपैकी दोघांनी तुमचा इप्पोन उलटा वाचला, त्यांच्या झेंड्यांवर सुवर्णपदक सोडायला कोणता खेळाडू तयार होईल? त्याला स्वच्छ गुण हवा होता, म्हणून त्याने जोखीम घेतली. दुयेसारखा अनुभवी, लांब हातांचा खेळाडू नेमकी त्याच हल्ल्याची वाट पाहत होता. चुकीच्या गुणाचा परिणाम फलकावरच्या आकड्यापुरता राहत नाही. तो पुढच्या प्रत्येक पकडीत आणि प्रत्येक पावलात शिरतो.

तरीही प्रशिक्षकाच्या नजरेतून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सुकाशीनंतर दुये पाठीवर होता आणि शिनोहारा त्याच्या शेजारीच. तो थांबला, हात वर केले. त्याच क्षणी छाती लावून दाब धरला असता तर इप्पोन नाकारला गेला तरी ओसाए-कोमीचा, म्हणजे मॅटवर दाबून धरण्याचा, मार्ग खुला होता. मधल्या पंचाने हात वर करून ‘इप्पोन’ म्हटल्याशिवाय लढत संपत नाही. जगज्जेत्यालाही हे लागू होते.

निषेध आणि नियमाची भिंत

जपानच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते यासुहिरो यामाशिता. १९७७ ते १९८५ या काळात सलग २०३ लढतींत एकही न हरलेला, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा खुल्या गटाचा विजेता. ज्युदोत त्यांच्या शब्दाइतके वजन क्वचितच कोणाच्या शब्दाला असेल. त्यांनी जोरदार निषेध नोंदवला. उपयोग झाला नाही. पंच एकदा लढतीची जागा सोडून गेले की निकाल बदलता येत नाही, असा नियम होता.

आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने नंतर चित्रफीत तपासून निर्णय चुकल्याचे मान्य केले. निकाल मात्र तसाच राहिला: सुवर्ण दुये, रौप्य शिनोहारा, कांस्य एस्टोनियाचा इंद्रेक पेर्टेलसन आणि रशियाचा तामेरलान त्मेनोव्ह. शिनोहाराने पंचांना दोष दिला नाही. आपण कमी पडलो म्हणून हरलो, एवढेच तो म्हणाला. त्याच्याबद्दलचा आदर जपानबाहेरही वाढला तो या वाक्यामुळे.

दुयेचे काय? त्याने गुण मागितला नव्हता, फलक लिहिला नव्हता. सिडनीनंतर तो निवृत्त झाला. दोन ऑलिंपिक सुवर्ण आणि चार जागतिक विजेतेपदे ही कमाई या एका निर्णयाने खोटी ठरत नाही. सर्वश्रेष्ठांच्या याद्या करणाऱ्यांनी मात्र पदकांची नुसती बेरीज करू नये, एवढे या प्रकरणातून घ्यावे. शिनोहाराचे रौप्य आणि दुयेचे दुसरे सुवर्ण यांच्यातले अंतर पदकतालिकेत दिसते तेवढे मोठे नाही.

पुढे काय बदलले

त्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या स्पर्धांत चित्रफितीची मदत घेतली जाऊ लागली. २०१३ मध्ये मॅटवर एकच पंच ठेवून बाकीचे टेबलावर, पडद्यासमोर बसवण्याची पद्धत आली. मॅटवरील पंचाच्या कानात यंत्र असते आणि गुण चुकला तर टेबलावरून लगेच सांगितले जाते. कोका २००९ मध्ये गेला. युको २०१७ मध्ये काढला आणि २०२५ मध्ये पुन्हा आणला. पुरुषांची लढतही २०१७ पासून चार मिनिटांची झाली.

सिडनीच्या प्रश्नाला सर्वांत थेट उत्तर मात्र प्रतिहल्ल्याबाबतच्या २०१८ च्या स्पष्टीकरणात आहे: प्रतिडावात जो आधी मॅटवर टेकतो त्याने ती चढाओढ गमावली, आणि दोघे एकदमच टेकले तर गुण कोणालाच नाही. पंचाला आता कर्ता कोण याचा अंदाज बांधावा लागत नाही. कोणाचे शरीर आधी टेकले हे पाहायचे, आणि ते पडद्यावर थांबवून पाहता येते.

यंत्र आले म्हणून सगळे सुटले असेही नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये −६६ किलोच्या उपांत्यपूर्व लढतीत तिन्ही पंचांनी दक्षिण कोरियाच्या चो जुन-हो याच्या बाजूने झेंडे दाखवले. मग टेबलावरून हस्तक्षेप झाला आणि त्याच तिघांनी तेच झेंडे जपानच्या मासाशी एबिनुमासाठी दाखवले. निर्णय कदाचित योग्य दिशेने गेला असेल, पण पंचांना आपले मत प्रेक्षकांसमोर असे उलटवायला लावणे ही व्यवस्थेची शोभा नव्हती. चूक दुरुस्त करण्याचा मार्ग असावा आणि त्याला पद्धतही असावी.

तालमीत सुकाशी कशी बसवायची

हा प्रतिडाव नवशिक्यांना देऊ नये. टाकला जाणारा डोके खाली ठेवून येत असतो, म्हणून मान आणि कोपर धोक्यात असतात. दोघांचेही उकेमी, म्हणजे सुरक्षित पडण्याचे तंत्र, पक्के असावे आणि सुरुवातीला तातामीवर (मॅटवर) जाड गादी असावी.

पहिला टप्पा फक्त पायाचा. जोडीदार संथ गतीने उची-माता आत आणतो आणि पाय उचलतो. त्याचा पाय तुमच्या ज्या मांडीखाली येणार, त्या पायाचा गुडघा तुम्ही दुसऱ्या गुडघ्याजवळ ओढून घेता. उडी मारायची नाही, पाय जमिनीला घासतच सरकतो. मोठे पाऊल मागे घेतले तर हात लांब पडतात आणि फिरवायला जोर उरत नाही. दहा-दहाचे दोन-तीन संच पुरे, दमल्यावर वेळ चुकते आणि चुकीचीच सवय लागते.

दुसरा टप्पा हातांचा. पाय सुटताच बाहीचा हात खाली आणि आपल्या नितंबाकडे, कॉलरचा हात वरून पुढे. दोन्ही एकाच वळणात. सर्वाधिक चुका इथेच होतात: खेळाडू पाय काढण्यात इतका गुंततो की हात गोठतात, जोडीदार पोटावर पडतो आणि कोणालाच काही मिळत नाही.

तिसरा टप्पा उभे राहण्याचा. टाकल्यावर आपले दोन्ही पाय जमिनीवर असले पाहिजेत. तोल जाणारच असेल तर मागे किंवा कुशीवर न पडता समोरच्याच्या छातीवर उतरावे. सिडनीची सुकाशी पंचाला अस्पष्ट वाटली याचे मोठे कारण शिनोहाराही खाली गेला हे आहे. उभा राहिलेला माणूस पंचाला प्रश्न पडू देत नाही.

चौथा टप्पा सलग दाबाचा. प्रत्येक टाकण्यानंतर थेट केसा-गातामे किंवा योको-शिहो-गातामे या दाबून धरण्याच्या पकडी, आणि प्रशिक्षकाने ‘माते’ (थांबा) म्हणेपर्यंत सोडायचे नाही. आजच्या नियमांत २० सेकंदांचा दाब इप्पोन देतो.

उची-माता मारणाऱ्याने उलट काळजी घ्यावी. आधी को-उची किंवा ओ-उचीने समोरच्याचे वजन त्या पायावर बसवावे, म्हणजे तो पाय सहज निघत नाही. बाही नीट ओढल्याशिवाय वळू नये. पाय रिकामा गेला असे वाटले की वळण पूर्ण न करता पोटावर उतरावे. वाचण्यासाठी डोके किंवा हात मॅटवर रोवायचा मोह घातक आहे. डोक्यावर मुद्दाम झेप घेऊन डाव मारणाऱ्याला आजच्या नियमांत थेट हांसोकू-माके, म्हणजे अपात्रता मिळते.

जिल्हा पातळीवरच्या पंचांसाठी

जिथे पडदा आणि टेबल नाही, तिथे सिडनीसारखा प्रसंग आजही होऊ शकतो. मॅटच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत तिवईवर मोबाइल लावले तरी बराच फरक पडतो. उंची साधारण कमरेएवढी ठेवावी, कारण वरून घेतलेल्या चित्रणात पाठ आधी टेकली की कूस हे कळत नाही. मुख्य पंचाने खेळाडूंपासून दोन-तीन मीटर अंतर राखून फिरत राहावे. फार जवळ गेले की पाय दिसतो आणि पाठ निसटते. दोन मते परस्परविरुद्ध आली तर लगेच ‘माते’ म्हणून तिघांनी एकत्र यावे, आणि गुण किती असा प्रश्न न विचारता आधी कोण टेकले एवढेच विचारावे. त्यावर एकमत झाले नाही तर गुण न देता लढत पुढे चालवावी, आणि हे सगळे पंचांनी मॅट सोडण्यापूर्वीच उरकावे.